मुलुंडच्या परसातला जुना हॉट टब: जागा, वीज, पाणी आणि पहिला पावसाळा

मुलुंड पूर्वेचा तळमजला अधिक एक असा जुना बंगला. घरात आजी, मुलगा, सून आणि शाळेत जाणारी दोन नातवंडं. आजींच्या दोन्ही गुडघ्यांत संधिवात. फिजिओथेरपिस्टने कोमट पाण्यात बसून पाय हलवायला सांगितले होते आणि तरणतलावापर्यंत जाणं-येणं त्यांना झेपत नव्हतं. त्याच सुमारास अलिबागकडचं एक सुट्टीतलं घर विकायला निघालं, तिथला चार-पाच माणसांचा हॉट टब, म्हणजे गरम पाण्यात बसायचं आणि जेटमधून पाण्याचे झोत सोडणारं मोठं भांडं, स्वस्तात मिळत होता. मुलाने तो घ्यायचं जवळजवळ ठरवलं आणि मग मला बोलावलं. पंप, पाइप आणि पाणी हे माझं रोजचं काम.

हे प्रकरण सविस्तर लिहितो, कारण जुन्या टबाबद्दल जी माहिती सहज सापडते ती थंड मुलखातली असते. पाइपात पाणी गोठू नये, उष्णता बाहेर जाऊ नये, झाकण घट्ट बसावं, असा तिचा सगळा भर. मुंबईत नेमकं उलटं आहे. इथे टब गरम करायला फारसे कष्ट पडत नाहीत. कोमट पाणी दिवसेंदिवस एका जागी राहतं, भोवती दमट हवा आणि डास, आणि वर चार महिने पाऊस. टब सांभाळायचा तो या सगळ्यापासून.

गच्ची नको, परस

घरच्यांच्या मनात गच्ची होती. वारा लागतो, आडोसा आहे, शेजारच्यांची नजर नाही. मी आधी वजनाचा हिशेब मांडला. टब दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद. रिकामा साधारण 300 किलो. पाणी 1,100 लिटर, म्हणजे 1,100 किलो. चार माणसं धरली तर आणखी 280. एकूण 1,680 किलो, चार चौरस मीटरवर. दर चौरस मीटरला 420 किलो झाले.

आपल्याकडे इमारतींवरचे भार आयएस 875 या मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे धरतात. ज्या गच्चीवर माणसांची ये-जा आहे तिच्यासाठी तो भार दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने 150 किलो. घरातल्या खोल्यांसाठी 2 आणि बाल्कनीसाठी 3 किलोन्यूटन. म्हणजे टबाचा भार गच्चीच्या जवळजवळ तिप्पट होता. त्यात या गच्चीवर जुना ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, त्यावर गळती थांबवायला पुन्हा केलेला कोबा. स्लॅब आधीच ओझं वाहत होता. खालच्या खोलीच्या छताला एका कोपऱ्यात गंजाचे तांबूस डाग आणि फुगलेलं प्लॅस्टर दिसलं. तिथेच विषय संपला. मुलगा म्हणाला, "अहो, इतकी वर्षं टाकी आहेच की वर." टाकीखाली भिंती आणि कॉलम असतात, भार थेट त्यांच्यावर उतरतो. टब मात्र स्लॅबच्या मध्यावर बसणार होता.

परसात फणसाखाली जागा काढली. फूटभर खोदून रबल सोलिंग, त्यावर जाळी टाकून 125 मिलिमीटर काँक्रीट, आणि सगळा चौथरा जमिनीपासून वीतभर वर, कारण जोराच्या पावसात त्या परसात घोट्याएवढं पाणी साचतं. मिस्त्रीने सवयीने न्हाणीघरासारखा उतार काढायला घेतला होता, तो थांबवला. टबाला सपाट बैठक लागते. एक कोपरा अधांतरी राहिला तर भरलेल्या पाण्याच्या वजनाने अॅक्रिलिकचं भांडं पिळवटतं आणि काही महिन्यांत सीटच्या कडेला केसासारखी चीर जाते. पाणी निघायला चौथऱ्याच्या बाहेर चारी बाजूंनी पन्हळ ठेवली. पंपाच्या बाजूला माणूस उकिडवा बसून काम करू शकेल एवढी मोकळी जागा सोडली. ही जागा न सोडलेले टब मी पाहिले आहेत. तिथे पंपाचा साधा वॉशर बदलायला अख्खा टब उचलावा लागतो.

टब पेण-पनवेलमार्गे टेम्पोतून आला. घराच्या कडेचा बोळ जेमतेम साडेतीन फूट. टब आडवा जाणार नव्हता, कुशीवर उभा करून ट्रॉलीवरून न्यायचा होता. उंची तीन फुटांच्या आसपास, म्हणजे जागा होती, पण पावसाच्या पाण्याच्या पाइपाचे क्लँप भिंतीतून बाहेर आलेले. ते आदल्या दिवशीच काढून ठेवले होते.

नावाची पाटी

विकणाऱ्याने सांगितलं होतं, "220 वरच चालतो." टबाच्या पंपपेटीत, पत्र्याच्या मागे चिकटवलेल्या पाटीवर लिहिलं होतं: 240 व्होल्ट, 60 हर्ट्झ, चार तारा. हा टब अमेरिकेतल्या वापरासाठी बनलेला होता.

हा तपशील समजून घ्यायलाच हवा. अमेरिकेत 240 व्होल्ट हे दोन जिवंत तारांमधून मिळतात आणि प्रत्येक तार न्यूट्रलच्या तुलनेत 120 व्होल्टवर असते. टबातला मोठा पंप आणि हीटर दोन जिवंत तारांवर चालतात, पण पाणी निर्जंतुक करणारं ओझोन यंत्र, छोटा पंप, दिवा असे भाग बऱ्याचदा एक जिवंत तार आणि न्यूट्रल यांच्यावर, म्हणजे 120 वर चालतात. आपल्याकडे एक फेज आणि एक न्यूट्रल, मध्ये 230 व्होल्ट. वायरमनने चार तारा आपल्या परीने जोडून टाकल्या, तर 120 व्होल्टच्या भागांना 230 मिळतात आणि ते पहिल्याच मिनिटाला जळतात.

दुसरा प्रश्न वारंवारतेचा. 60 हर्ट्झची मोटर 50 वर लावली की सहातला एक भाग वेग कमी होतो. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून तो सुमारे 30 टक्क्यांनी पडतो. जेट मरगळतात. शिवाय 240 भागिले 60 म्हणजे 4, आणि 230 भागिले 50 म्हणजे 4.6. मोटरच्या लोखंडी गाभ्यावर त्या प्रमाणात जास्त ताण येतो आणि मोटर तापते. मुंबईच्या मे महिन्यात बंद पेटीत बसलेली मोटर आणखी तापवायची कुणाची हौस असेल?

म्हणून कंट्रोल बॉक्स आणि मोठ्या पंपाची मोटर दोन्ही बदलली, 230 व्होल्ट 50 हर्ट्झची घेतली. ओझोन यंत्र काढूनच टाकलं. या कामाला टबाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे लागले. जुना टब घेणाऱ्याने आधी ही पाटी वाचावी आणि मग भाव करावा. युरोपातला टब असता तर हा खर्च वाचला असता.

वीजजोडणी अशी केली: मीटरपासून स्वतंत्र सर्किट, 6 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल कंड्यूटमधून, 32 अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की पडणारा स्विच) आणि टबासाठी वेगळा अर्थिंगचा खड्डा. हीटर 3 किलोवॅट, पंप चालू धरून सुमारे 23 अँपिअर. महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला. बंद करायचा स्विच टबातून दिसेल असा, पण टबात बसलेल्याचा हात पोहोचणार नाही इतका लांब, दोन मीटरच्या पलीकडे. आजींसाठी बसवलेल्या स्टीलच्या कठड्यालाही अर्थिंगशी जोडलं.

पाइपांतून काय निघालं

टब अलिबागला दोन पावसाळे रिकामा पडून होता. वरून पुसलेला, चकचकीत. पण रिकाम्या टबाच्या पाइपात नेहमी थोडं पाणी अडकून राहतं आणि पाइपांच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. क्लोरीन त्या थराच्या आत सहज पोहोचत नाही. जुना टब नवा दिसत असला तरी आतले पाइप त्याचं खरं वय सांगतात.

टब भरला, पाइप साफ करायचं द्रावण टाकलं, जेट चालू केले. थोड्याच वेळात पाण्यावर तपकिरी फेस आला आणि जेटमधून काळपट चिंध्या निघू लागल्या, चहाच्या भिजलेल्या चोथ्यासारख्या. सून दारात उभी होती. तिने मुलांना आत पाठवलं आणि विचारलं, "हे धुऊन खरंच जातं का?" जातं, पण एका धुण्यात नाही. पाणी सोडायचं, टब पुसायचा, पुन्हा भरायचं, पुन्हा द्रावण. जेटमधून काही निघेनासं झाल्यावर जास्त मात्रेच्या क्लोरीनचं पाणी सगळ्या पाइपांतून फिरवलं. जुना फिल्टर धुवायच्या भानगडीत न पडता फेकून दिला.

मी या कामावर इतका वेळ का घालवला त्याचं कारण आहे. लिजिओनेला हा जंतू कोमट पाण्यात वाढतो आणि जेटमधून उडणाऱ्या बारीक तुषारांबरोबर फुप्फुसात जातो. नेदरलँड्समध्ये बोव्हेनकार्स्पेल इथे 1999 साली फुलांच्या प्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेल्या टबाच्या तुषारांतून ही लागण पसरली आणि 30 हून अधिक माणसं दगावली. बाजूने चालत जाणाऱ्यांनी फक्त श्वास घेतला होता. म्हाताऱ्या माणसाला हा आजार जास्त लागतो, आणि हा टब एका म्हाताऱ्या माणसासाठीच घेतला होता.

पंप ज्यांतून पाणी ओढतो त्या तळाच्या शोषण-जाळ्याही तपासल्या. दोनपैकी एकीला तडा होता आणि एक स्क्रू नव्हता. नातवंडं टबात उतरणार होती, म्हणून नव्या जाळ्या येईपर्यंत पंप चालवायला मी साफ नकार दिला. अमेरिकेत 2002 साली सात वर्षांची मुलगी टबाच्या तळच्या जाळीला ओढली जाऊन बुडाली. तिच्या नावाने 2007 साली तिथे कायदा झाला आणि अशा जाळ्यांचे नियम कडक झाले. जुन्या टबात हे प्लॅस्टिक उन्हाने आणि क्लोरीनने ठिसूळ झालेलं असतं. लांब केस मोकळे सोडून कुणी टबात बसायचं नाही, हा नियम घरात तेव्हापासून आहे.

महापालिकेचं पाणी आणि खाण्याचा सोडा

1,100 लिटर म्हणजे किती? दरडोई रोज 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरलं तर आठ माणसांचं एका दिवसाचं पाणी. उन्हाळ्यात तलाव खाली गेले की मुंबईत पाणीकपात होते, हे या घराने अनेकदा भोगलं आहे. म्हणून पाणी बदलायचे महिने ठरवून घेतले: पावसाळ्यात एकदा, दिवाळीनंतर एकदा, होळीच्या आधी एकदा. एप्रिल-मेमध्ये पाणी बदलायचं नाही. हे जमायचं तर मधल्या काळात पाणी चांगलं राखावं लागतं.

मुंबईचं पाणी तलावांचं, पावसाचं. म्हणून ते मऊ असतं, क्षार कमी. साबणाला आणि डाळ शिजायला चांगलं, टबाला तितकं नाही. या घरच्या नळाच्या पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, 40 पीपीएमच्या (लिटरला 40 मिलिग्रॅमच्या) आसपास निघाली. क्षारता कमी असली की पीएच, म्हणजे पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, थोड्याशा क्लोरीननेही खाली-वर उड्या मारतो आणि आंबट झालेलं पाणी हीटरचा धातू खातं. ती 80 वर आणायला 75 ग्रॅम खाण्याचा सोडा पुरला. त्याहून जास्त टाकू नये, कारण जेटमुळे पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच आपोआप चढत राहतो. तो 7.2 ते 7.8 मध्ये हवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी घेणाऱ्यांचं उलटं होतं: ते जड असतं आणि हीटरवर खडा धरतो.

क्लोरीनसाठी दाणेदार डायक्लोर वापरतो. तरणतलावाच्या गोळ्या नाहीत, त्या आम्लधर्मी असतात, टबाच्या तळाशी पडल्या की अॅक्रिलिकवर डाग आणि फोड येतात. गरम पाण्यात क्लोरीन 3 पीपीएमच्या खाली जाऊ द्यायचं नाही. या टबात शून्यावरून 3 वर यायला सुमारे 6 ग्रॅम डायक्लोर लागतं. टब वापरल्यावर लगेच, झाकण उघडं ठेवून, पंप चालू असताना टाकायचं. पट्टीने मोजायचं, अंदाजाने नाही.

इथे एक गोष्ट फार गंभीरपणे सांगतो. मुंबईत पुष्कळ घरांत टाकी धुवायला ब्लीचिंग पावडर असते. या घरातही जिन्याखाली एक डबा होता आणि सुनेने डायक्लोरचा डबा सहज त्याच्या शेजारी ठेवला होता. ही दोन्ही क्लोरीनचीच, तरी एकमेकांत मिसळली तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होऊ शकतो. एकीचा चमचा दुसरीत जाणंसुद्धा धोक्याचं. आणि दोहोंपैकी कशातही संडास धुवायचं अॅसिड पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ब्लीचिंग पावडर त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत गेली आणि डायक्लोरच्या डब्याला स्वतःचा कोरडा चमचा मिळाला.

मे महिना

हिवाळ्यात काम सोपं होतं. 27 अंशांचं पाणी 36 वर न्यायला साडेअकरा युनिट आणि 3 किलोवॅटच्या हीटरला चार तास लागतात. शनिवारी सकाळी हीटर लावायचा, दुपारी आजी पाण्यात. 36 अंश, पंधरा मिनिटं, बाहेर येताना कठडा धरून सावकाश, कारण गरम पाण्यात रक्तदाब उतरतो आणि उठताना चक्कर येते. हे सगळं त्यांच्या डॉक्टरांना विचारून. टब 40 अंशांच्या वर कुणीच नेऊ नये. गरोदर बाई किंवा हृदयविकाराचा माणूस असेल तर आधी डॉक्टर, मग टब.

मेमध्ये हीटर पूर्ण बंद असताना पाणी 39 अंशांवर गेलं. मुलाचा फोन आला, बोर्ड बिघडला म्हणून. बोर्ड ठीक होता. पाणी गाळायला पंप रोज आठ तास फिरत होता आणि त्याची उष्णता पाण्यात उतरत होती. टबाभोवतीचा फोम थंड देशात ती उष्णता आत राखायला घातलेला असतो. इथेही त्याने तेच केलं. पंपाचा वेळ अर्धा करून पहाटेवर नेला, पंपपेटीच्या पत्र्याला दोन जाळीदार झरोके पाडले. रात्री झाकण काढून ठेवलं की पाणी पटकन निवतं, पण उघडं पाणी म्हणजे डासांना आमंत्रण. म्हणून लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून झाकणाऐवजी ती ठेवायला सुरुवात केली. पाणी 32 वर आलं आणि मुलांची सुट्टी त्यात गेली.

पाऊस

पहिला त्रास डासांचा, आणि तो टबात नव्हता. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे कर्मचारी पाहणीला आले. टब पाहून साहजिकच त्याच्याकडे वळले. त्यातलं पाणी क्लोरीनचं, फिरतं, झाकलेलं. अळ्या सापडल्या त्या टबावर घातलेल्या ताडपत्रीच्या घडीत, ओंजळभर पाण्यात. डेंग्यूच्या डासाला आणि मुंबईतल्या मलेरियाच्या अॅनोफिलीस स्टीफन्सीला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं आणि या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. ताडपत्री गेली, वर उताराचा पॉलिकार्बोनेटचा पत्रा आला. टबाबरोबर आलेलं जुनं झाकणही काढलं. त्याचा फोम पाणी पिऊन इतका जड झाला होता की उचलायला दोन माणसं लागत.

दुसरा त्रास ऑगस्टमध्ये. आरसीसीबी सारखा पडायचा. कधी लगेच, कधी अर्ध्या तासाने. एका वायरमनने पाहिलं आणि सल्ला दिला, "पावसाचा ओलावा आहे, आरसीसीबी काढून टाका, नुसता एमसीबी ठेवा. त्रास नको." असा सल्ला मुंबईत दर पावसाळ्यात कुणी ना कुणी देतो आणि मला तो ऐकवत नाही. आरसीसीबी पडतो म्हणजे करंट कुठेतरी वाट सोडून जमिनीकडे जातो आहे. त्या वाटेवर एक म्हातारी बाई आणि दोन मुलं पाण्यात बसणार होती.

शोधायची पद्धत कंटाळवाणी पण खात्रीची आहे. मेन बंद करून हीटरच्या दोन्ही तारा बोर्डावरून काढल्या आणि टोकं झाकली. पंप चालवला, रात्रभर काही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी हीटर परत जोडला, पाणी तापायला लागलं आणि थोड्याच वेळात आरसीसीबी पडला. हीटरचा पाइप उघडला. एलिमेंटच्या वळणाच्या आतल्या बाजूला, नखाने कुरतडल्यावर लागेल असा हिरवट-पांढरा फोड होता आणि त्याच्या मध्यावर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. कंट्रोल बॉक्स नवा आला होता, पण हीटर जुनाच ठेवला होता, आणि त्याने अलिबागचे दोन पावसाळे ओलसर अवस्थेत काढले होते. नवं एलिमेंट टाकलं, युनियनच्या, म्हणजे पाइपाच्या आटे असलेल्या सांध्याच्या, ओ-रिंग (रबरी कड्या) बदलल्या. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. व्हॅसलिन लावायची पद्धत आहे, पण रबर कोणतं त्यावर ते फुगतं आणि पुढच्या वर्षी तिथूनच ठिबकतं.

त्याच वेळी कंट्रोल बॉक्स उघडला तेव्हा एका काँटॅक्टरमध्ये (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचमध्ये) लाल मुंग्यांचा भुगा आणि कोपऱ्यात पालीची अंडी. केबल आत येते ती सगळी तोंडं ग्लँडने बंद केली. महिन्यातून एकदा आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबायचं काम आता मोठ्या नातवाकडे आहे. तो कॅलेंडरवर खूण करतो.

पाणी बदलताना आदले दोन दिवस क्लोरीन टाकत नाहीत. पट्टीवर ते शून्य आलं की थोडं पाणी फणसाला, बाकीचं सांडपाण्याच्या चेंबरमध्ये. पावसाच्या गटारात नाही. परत भरताना नळी फिल्टरच्या खळग्यात धरायची, नाहीतर पंपात हवा अडकते, पंप घोंघावतो आणि पाणी हलत नाही. तरी अडकलीच तर पंपाची वरची युनियन अर्धा आटा सैल करून फुसफुस थांबेपर्यंत हवा जाऊ द्यायची.

हे सगळं पाहून मुलाच्या ठाण्याच्या एका मित्राने विचारलं की सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत हवा भरायचा टब चालेल का, तो तर हलका असतो. रिकामा हलका असतो. साधारण सहा फूट व्यासाच्या टबात 800 लिटर पाणी आणि चार माणसं बसली की अडीच चौरस मीटरवर 1,080 किलो येतात, म्हणजे पुन्हा दर चौरस मीटरला 430. बाल्कनी 300 ची. मी त्यांना सोसायटीकडून इमारतीची आरसीसी ड्रॉइंग मागवायला सांगितलं आहे. ती घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जायचं आणि त्याची लेखी हरकत-नाही मिळेपर्यंत टब खोक्यातच ठेवायचा.